ब्रोकरवर संशय आलाय? निदान या चुका तरी टाळा

शेअर ब्रोकरकडच्या तुमच्या खात्यात न सांगता सौदे झालेत, पैसे मागितले की "उद्या टाकतो" असं उत्तर येतंय. माझ्याकडे अशी अडचण घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी महत्त्वाचे महिने फोनवर हुज्जत घालण्यात घालवलेले असतात. फोनवरच्या आश्वासनाचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

'माझी तक्रार नाही' असं लिहून देणं

ही चूक पाहिली की मला खरंच वाईट वाटतं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या खात्यात सब-ब्रोकरने, म्हणजे ब्रोकर कंपनीच्या एजंटने, परस्पर एफ अँड ओचे (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे, म्हणजे जास्त जोखमीचे) सौदे केले. खातं उघडताना त्याने ईमेल स्वतःचाच टाकला होता, त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट नोट (झालेल्या सौद्यांची अधिकृत नोंद) त्याच्याकडेच जायच्या. एक्सचेंजचे एसएमएस बाईंना यायचे, पण "ते सिस्टीमचे मेसेज असतात, लक्ष देऊ नका" असं त्याने सांगून ठेवलेलं. तोटा उघड झाल्यावर त्याने थोड्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक दिला आणि एका कागदावर सही घेतली: 'सर्व सौदे माझ्या संमतीने झाले, माझी तक्रार नाही.' चेक वटला नाही. तक्रार केल्यावर ब्रोकरने पहिला तोच कागद पुढे केला.

ऑर्डर ग्राहकानेच दिली होती याचा पुरावा (कॉल रेकॉर्डिंग, ईमेल, सही) ब्रोकरने ठेवायचा असतो. वाद झाला तर ते सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच, असं शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. बाईंची सगळ्यात भक्कम बाजू त्या एका सहीने गेली.

मी सगळं ईमेलवर करायला लावतो. फोन आलाच तर त्याच दिवशी 'आज आपलं असं बोलणं झालं' असा मेल, तोही सब-ब्रोकरला नाही, कंपनीच्या कम्प्लायन्स ऑफिसरला (नियमपालन बघणाऱ्या अधिकाऱ्याला). मग सेबीच्या 'स्कोअर्स' या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार. तिथे ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते पटलं नाही तर १५ दिवसांत फेरआढावा मागता येतो. त्यानेही भागलं नाही तर स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन वाद सोडवणाऱ्या पोर्टलवर समेट आणि लवाद. घटनेला एक वर्ष उलटलं की स्कोअर्सचं दार बंद होतं, म्हणून "आणखी एक महिना वाट बघू" म्हणणाऱ्यांवर मी चिडतो.

ब्रोकरने पाठवलेलं स्टेटमेंट खरं मानणं

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक्सेल शीट म्हणजे पुरावा नव्हे. शेअर खरोखर आहेत का, हे सीडीएसएल किंवा एनएसडीएल या, डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीच सांगू शकतात. त्यांचं एकत्रित स्टेटमेंट, म्हणजे कॅस, ईमेलवर येतं. ते उघडायचा कंटाळा करू नका. २०१९ मध्ये कार्वी या मोठ्या ब्रोकर कंपनीने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा (ग्राहकाने दिलेल्या अधिकारपत्राचा) गैरवापर करून ग्राहकांचे शेअर स्वतःच्या खात्यात वळवले आणि तारण ठेवल्याचं सेबीच्या आदेशातून बाहेर आलं. नाव मोठं आहे म्हणून तपासायचं नाही, हा शॉर्टकट तेव्हाच मोडीत निघायला हवा होता.

मी संशय आला की आधी कॅस, लेजर (ब्रोकरकडच्या पैशांचा हिशेब) आणि कॉन्ट्रॅक्ट नोट डाउनलोड करून घेतो. ब्रोकरला जाब विचारणं त्यानंतर, कारण लॉगिन कधी बंद होईल सांगता येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ओटीपी, टीपिन (डीमॅटमधले शेअर विकायला लागणारा पिन), पासवर्ड 'सोयीसाठी' डीलरकडे (ब्रोकरकडच्या ऑर्डर टाकणाऱ्या माणसाकडे) देणं: कृपा करून नका करू.

रोख रक्कम किंवा सब-ब्रोकरच्या वैयक्तिक खात्यात पैसे भरणं: कंपनी हात झटकून मोकळी होते.

'महिन्याला ठरावीक परतावा' असा खाजगी करार: ब्रोकर बुडाला तर गुंतवणूकदार संरक्षण निधीतून अशा रकमेची भरपाई मिळत नाही.

"फी भरा, बुडालेले पैसे काढून देतो" म्हणणारा: हा दुसरा भामटा. स्कोअर्सवर तक्रार करायला पैसे लागत नाहीत.

उरलेले शेअर त्याच ब्रोकरकडे ठेवून भांडणं: दुसरीकडे स्वतःच्याच नावाचं डीमॅट खातं उघडा आणि शेअर तिकडे वळवा. तक्रार त्यानंतरही चालू ठेवता येते.