बाटलीतलं पान, शेतातलं ऊन : मृगबाग केळीची रोपं लावण्याआधी

रोहिणीचं ऊन अजून उतरलेलं नाही आणि रोपांच्या गाड्या यायला लागल्याही. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याकडे मृगबागेची, म्हणजे मृगाच्या सुमारास होणाऱ्या केळीच्या लागवडीची, घाई सुरू झाली असेल. ठिबकच्या नळ्या अंथरून झाल्या की हात शिवशिवतात, रोप आलं की कधी एकदा मातीत घालतो असं होतं. तिथं जरा थांबा. कंद लावायचो तेव्हा त्याच्या पोटात स्टार्चचा साठा असायचा, पानं यायला उशीर झाला तरी तो तग धरायचा. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या रोपाकडे अशी शिल्लक जवळपास नसते. ते पानांच्या रोजच्या कमाईवर जगतं, आणि ही कमाई करायला ते नुकतंच शिकलेलं असतं.

हे समजायला थोडं प्रयोगशाळेत डोकावावं लागेल. बाटलीतल्या जेलीत क्षार, जीवनसत्त्वं, संजीवकं (वाढीला चालना देणारी द्रव्यं) आणि लीटरला साधारण ३० ग्रॅम साखर असते. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेलं क्षारांचं प्रमाण आज आपल्या केळीलाही चालतं. खोलीत तापमान २५ अंशांच्या आसपास आणि दिव्यांचा उजेड दोन-तीन हजार लक्स (उजेड मोजायचं माप). शेतात भर दुपारी तोच आकडा एक लाखाच्या घरात जातो. त्यात बाटलीला झाकण. दिवे लागले की पानं आतला कार्बन डायऑक्साइड थोड्याच वेळात ओढून संपवतात, मग उजेड असूनही प्रकाशसंश्लेषणाला कच्चा माल राहत नाही. पान दिसायला हिरवंगार, पण हवेतला कार्बन पकडणारं रुबिस्को विकर त्यात बेताचंच. पायाशी आयती साखर असताना पानाने चूल पेटवावी कशाला?

शिवाय बाटलीतली हवा कायम दमट. त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट बसत नाही आणि पर्णरंध्रांना मिटायची सवय लागत नाही. असं पान कोरड्या वाऱ्यात आलं की उघड्या माठासारखं पाणी गमावतं.

जपानमध्ये चिबा विद्यापीठात तोयोकी कोझाई या शास्त्रज्ञांनी यावर वेगळी वाट काढली. साखर काढून टाकायची, झाकणाला हवा खेळेल अशी जाळी द्यायची, उजेड आणि कार्बन डायऑक्साइड वाढवायचा. रोप बाटलीतच स्वतःचं अन्न करायला लागतं आणि बाहेर आल्यावर कमी मरतं. आपल्याकडे मात्र बहुतेक रोपं साखरेवरच वाढतात. म्हणून आपला सगळा भरवसा हार्डनिंगवर, म्हणजे रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावण्यावर. आधी पॉलिहाऊसमध्ये दमट हवेत, मग पिशवीत शेडनेटखाली.

बाटलीतली जुनी पानं या काळात सुधारत नाहीत, बहुतेक वाळून जातात. खरी कमाई बाहेर आल्यावर फुटलेल्या पानांची. तेव्हा रोपवाटिकेत उंची बघून भाळू नका, पानं मोजा. साधारण एक फूट उंची, बुंध्याचा घेर ५ सेंटीमीटरच्या आसपास आणि पूर्ण उघडलेली निदान पाच निरोगी पानं हवीत. पान उलटं करून अंगठ्याने हलकं पुसा. बाहेर वाढलेल्या पानाच्या पाठीवर पांढुरकी, पावडरीसारखी झाक असते. उंच, लुसलुशीत, फिकट रोप म्हणजे दाट सावलीत ताणलेलं. ते दोन रुपये स्वस्त मिळालं तरी सोडा. रोप विषाणूमुक्त असल्याचा दाखलाही तिथंच मागा. हरण्या हा विषाणूचा रोग शेतात आला की उपटण्याशिवाय इलाज नाही.

माझ्याच बागेतली गोष्ट. गाडी भर दुपारी आली, मजूर हाताशी होते, म्हणून रोपं उतरवून संध्याकाळपर्यंत लावून टाकली. तिसऱ्या दिवशी वरची पानं मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरट पडली, नंतर कडा पापडासारख्या कुरकुरीत झाल्या. ठिबक दिवसातून दोनदा चालू होतं, माती ओलीच होती. रोपवाल्याशी फोनवर भांडूनही झालं. खरं कारण पाण्यात नव्हतंच. शेडनेटखालच्या पानाला तेवढा उजेड पेलतच नव्हता. कार्बन पकडायचा वेग ठरलेला, ऊन मात्र दुप्पट, मग उरलेला उजेड पानालाच जाळतो.

आता मी रोपं आली की चार-पाच दिवस आंब्याखाली उभी मांडून ठेवतो. पहिले दोन दिवस पूर्ण सावली, पुढे सकाळचं कोवळं ऊन. ढगाळ दिवस धरून किंवा चार वाजल्यानंतर लागवड करतो. पिशवी ब्लेडने कापायची, ओढून काढायची नाही. मातीचा गोळा फुटला की कोवळी मुळं तुटतात. बुंधा खोल गाडू नका. पाऊस लांबला आणि वारा गरम असेल तर क्रॉप कव्हर (रोपावर घालायचं पातळ कापड) घाला, पण पाऊस लागल्यावर ते उगाच ठेवू नका. ढगाळ दिवसात आधीच उजेड कमी, त्यात कापडाची सावली. पाणी बुंध्याशी साचू देऊ नका, गरम ओलीत कंद सडतो.

कोवळ्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसले तर घाबरून फवारणी करू नका. ग्रँड नैन या केळीच्या जातीच्या टिश्यू कल्चर रोपांत ते नैसर्गिक आहेत, रोप मोठं झालं की जातात. दरवर्षी याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि दुकानदाराचं एक औषध खपतं.

खताची घाई तर सगळ्यांनाच. पूर्ण हंगामात झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश ही शिफारस आपल्याला पाठ आहे, पण झाडाच्या सुक्या वजनात निम्म्याच्या जवळपास कार्बन असतो आणि तो पोत्यातून नाही, हवेतून येतो. पानं चालू झाल्याशिवाय युरिया ओतून काय साधणार? दहा रोपं निवडा, लावताना सगळ्यात वरच्या पानावर मार्करने टिंब करा. त्याच्या वर दोन नवी पानं पूर्ण उघडली की रोप कमावतं झालं असं धरा आणि ठिबकमधून थोडं थोडं खत सुरू करा. उन्हाळ्याच्या शेवटी याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर खालचं हिरवं पान विळ्याने साफ करू नका, तेही दोन घास मिळवत असतं.

शंभरामागे पाच रोपं पिशवीतच, आंब्याखाली राखून ठेवा. महिनाभरात नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला तीच लागतील. नवीन मागवलेली रोपं लहान पडतात आणि शेजारच्या झाडांच्या सावलीत मागेच राहतात.