जुन्या ४८६ पीसीला बूटचे (सुरू होण्याचे) नवे पर्याय, मूळ बायोसला धक्का न लावता

सातपूरच्या वर्कशॉपमधून आणलेलं माझं ४८६ मशीन ५०४ एमबीपुढची हार्डडिस्क ओळखतच नाही. पण म्हणून मूळ बायोस चिप (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम हिच्यात असतो) उपटू नका. ती बिघडली की बोर्ड सुरूच होणार नाही. जुन्या आयएसए (त्या काळच्या स्लॉटच्या) नेटवर्क कार्डावरचं रिकामं बूट-रॉम सॉकेट, म्हणजे जादा बायोस चिप बसवायची जागा, वापरा.

मोठ्या हार्डडिस्क ओळखणाऱ्या एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायोसची एटी आवृत्ती घ्या, तिच्याच कॉन्फिग प्रोग्रॅममधून सेटिंग करा. लिहिण्याआधी चेकसम तपासाच. सगळ्या बाइट्सच्या बेरजेला २५६नं निःशेष भाग गेला नाही, तर मशीन त्या रॉमकडे ढुंकूनही बघत नाही. मग २७सी६४ एप्रॉमवर (पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप) उतरवा, चिपवरच्या काचेच्या खिडकीवर काळी पट्टी डकवा (नाशिकचं ऊन, लिहिलेलं पुसलं जाईल!), खाचेला खाच जुळवून बसवा. कार्डाच्या सेटअपमध्ये बूट-रॉम चालू करा, मेमरीतला पत्ता डी००० ठेवा. सुरू होताना ए दाबलं की फ्लॉपी, सी दाबलं की हार्डडिस्क.