सह्याद्रीतील मुक्कामासाठी हातघडणीचा सुरा निवडताना

रानात मुक्कामाला नेलेल्या एकाच सुऱ्याने वाळकी लाकडे फोडावीत, तंबूच्या खुंट्या तासाव्यात, दोरी कापावी आणि संध्याकाळी कांदाही चिरावा अशी अपेक्षा असेल, तर तो लोहाराकडून घडवून घेणे मला सर्वांत सोयीचे वाटते. पात्याची लांबी, पाठीची जाडी आणि मुठीचा घेर आपल्या मापाने सांगता येतो, आणि पुढे धार बिघडली तर ज्याने ती घडवली त्याच्याकडेच जाता येते. मात्र हाताने घडवलेले प्रत्येक पाते चांगले निघतेच असे नाही, त्यामुळे पैसे देण्यापूर्वी ते नीट पारखून घ्यावे.

बहुतेक जण गरजेपेक्षा मोठा सुरा निवडतात. झुडपे सवळायला आणि नारळ सोलायला कोयता आहेच. मुक्कामाच्या सुऱ्याला १५ ते १८ सेंटिमीटर लांबीचे पाते पुरते. पाठीची जाडी मुठीपाशी ४ मिलिमीटरच्या आसपास असावी आणि टोकाकडे ती हळूहळू कमी होत जावी, म्हणजे घाव घालताना सुरा पुढच्या बाजूला जड होत नाही. सहा मिलिमीटर जाडीचे पाते हातात भक्कम वाटते खरे, पण त्याने गाजर कापायला जावे तर ते चिरले जाण्याऐवजी मध्येच कटकन फुटते, कारण जाड पाते पाचरीसारखे शिरते. घेण्यापूर्वी एक गाजर किंवा बटाटा कापून पाहण्यात संकोच करू नये. पाठीचा कोपरा काटकोनात आणि टोकदार ठेवायला सांगितल्यास फेरो रॉडवर (आग पेटवायच्या धातूच्या कांडीवर) घासून ठिणग्याही पाडता येतात.

सुऱ्याचा खरा कस पोलादात आणि त्याला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून बुडवण्याच्या कामात असतो. गावोगावचे लोहार आणि रस्त्याकडेला पाल टाकून काम करणारे घिसाडी बहुधा ट्रक-जीपच्या जुन्या कमानपाट्यांपासून (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांपासून) पाती घडवतात. या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो, त्यामुळे ते कडक होऊ शकते आणि धक्काही सोसते. बांधकामाच्या साध्या पट्टीत कार्बन फार कमी असतो, म्हणून तिला कितीही पाणी दिले तरी धार टिकत नाही. वापरून थकलेल्या पाट्यात बारीक तडे असू शकतात, तेव्हा पाटा कुठला आहे हे विचारावे आणि पाते उजेडात तिरके धरून दोन्ही बाजू पाहाव्यात.

लालबुंद पाते तेलात किंवा पाण्यात बुडवले की ते कडक होते, पण त्याच वेळी ठिसूळही होते. ते पुन्हा साधारण २०० ते २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवले म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. अनुभवी कारागीर घासून चकचकीत केलेल्या पात्यावर चढणारा पिवळसर ते तपकिरी रंग पाहून हे तापमान ओळखतात. म्हणून लोहाराला मी सर्वप्रथम एवढेच विचारतो: “पाणी दिल्यावर पाते परत तापवता का, दादा?” जाणता कारागीर यावर लगेच आणि तपशिलाने बोलू लागतो.

मालकाची परवानगी घेऊन दोन साध्या परीक्षा करता येतात. धारेजवळ नवी कानस हलकेच फिरवावी. ती घसरत गेली तर पाते कडक आहे, आणि सहज चावली तर मऊ आहे. मग धार पितळी सळीवर तिरकी टेकवून जपून दाबावी: ती किंचित वाकून परत सरळ झाली तर पाणी योग्य बसले आहे, वाकलेलीच राहिली तर मऊ आहे, आणि तिचा कपचा उडाला तर पाते ठिसूळ आहे. धारेच्या काठाला निळा डाग दिसल्यास ते पाते सरळ बाजूला ठेवावे. ग्राइंडरवर धार अति तापल्याची ती खूण असून तेवढा भाग मऊ पडलेला असतो.

मूठ बाभळीची किंवा शिसवाची चालते. पात्याचे शेपूट मुठीच्या शेवटपर्यंत गेलेले आणि रिव्हेटने पक्के केलेले असावे; नुसते टोकदार शेपूट तापवून लाकडात ठोकलेली मूठ उन्हाळ्यात लाकूड आक्रसले की खुळखुळू लागते. मुठीचा छेद लंबगोल ठेवावा, म्हणजे अंधारातही धार कोणत्या बाजूला आहे ते हाताला कळते. बोटांसाठी खाचा पाडून घेऊ नयेत, कारण पकड बदलताच त्या टोचतात.

चामड्याचे म्यान प्रवासापुरतेच वापरावे, कारण त्यात ओल धरते आणि पावसाळ्यात अशा पोलादावर एका रात्रीतही गंज चढू शकतो.

सुरा कुठे नेता येतो हे आधी पाहिलेच पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेण्यास मनाई आहे, आणि तेथील शस्त्राच्या व्याख्येत सुरीचाही समावेश होतो. हरिश्चंद्रगड, रतनगड आणि भीमाशंकर ही आपली नेहमीची ठिकाणे अभयारण्यांच्या हद्दीत येतात, त्यामुळे तिकडे जाताना हा सुरा घरीच ठेवावा. शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली असली, तरी पाते या मापांच्या बरेच आत ठेवलेले बरे. शहरात पोलिसांचा मनाई आदेश लागू असेल तर सुरा बरोबर नेऊ नये; एरवीही तो कमरेला न लावता सॅकच्या तळाशी बांधून न्यावा.

लिंबू, कैरी किंवा कोकम कापल्यावर पाते लगेच धुऊन पुसावे आणि त्यावर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. कालांतराने चढणारा करडा रंग घासून काढू नये, कारण तो तांबड्या गंजाला काही प्रमाणात अडवतो. धार पाण्याच्या दगडावर प्रत्येक बाजूने सुमारे २० अंशांच्या कोनात लावावी आणि कोरड्या चाकावर धार लावणाऱ्याकडे सुरा देऊ नये. वर्षानुवर्षांच्या वापराने धारेमागचा भाग जाड झाला, तर त्याच लोहाराकडे नेऊन तो शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा पातळ करून घ्यावा आणि नव्याने पाणी दिल्यावर पाते परत तापवल्याची खात्री करून मगच घरी आणावे.