विमानातले पातळ पत्र्याचे बीम: स्ट्रेस काढताना या चुका टाळा

नवीन इंजिनिअरांचे स्ट्रेस रिपोर्ट तपासायला येतात, तेव्हा बहुतेक वेळा गणित बरोबर असतं, सूत्रही पाठ असतं, आणि तरी उत्तर चुकलेलं असतं. कारण सूत्र लावलेलं असतं भलत्याच सेक्शनला, म्हणजे बीमच्या आडव्या छेदाला. त्याच चुका इतक्यांदा लाल पेनाने खोडल्या आहेत की आता एकदा नीट लिहूनच काढतो.

उघड्या सेक्शनला बंद समजणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. जर्मन इंजिनिअर ब्रेट यांचं १८९६ चं सूत्र, म्हणजे टॉर्कला (पिळणाऱ्या लोडला) बंदिस्त क्षेत्रफळाच्या दुपटीने भागलं की शिअर फ्लो (भिंतीच्या दर मिमी लांबीला येणारा कातर लोड), इतकं सुटसुटीत आहे की पेटी दिसली रे दिसली की मुलं ते लावून मोकळी होतात. पण शिअर फ्लोला चारही भिंतींतून फिरून परत येता येत असेल, तरच ते चालतं. २०० बाय ८० मिमीची, ०.८ मिमी पत्र्याची पेटी घ्या. बंद असताना तिचा टॉर्शन कॉन्स्टंट (पिळाला ती किती विरोध करते त्याचा आकडा) साधारण १४.६ लाख येतो (सगळं मिमीमध्ये). तिलाच लांबीभर एक चीर द्या, तो ९६ वर येतो. लाख नाही, नुसते ९६.

काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मानवरहित विमानाच्या पंखाची स्टॅटिक टेस्ट पाहिली. खालच्या स्किनमध्ये (पंखाच्या बाहेरच्या पत्र्यात) बॅटरीसाठी लांबलचक हॅच होता आणि त्याचं झाकण क्वार्टर-टर्न फास्टनरवर (पाव फेऱ्यात उघडणाऱ्या स्क्रूंवर) बसवलेलं. रिपोर्टमध्ये सेक्शन बंद धरला होता. एफई मॉडेलही (कम्प्युटरवरचं फायनाइट एलिमेंट जाळ्याचं मॉडेल) तेच सांगत होतं, कारण झाकणाचे नोड (जाळ्याचे बिंदू) भोवतालच्या स्किनशी मर्ज करून टाकले होते. दोन्ही उत्तरं जुळली म्हणून सगळे निश्चिंत. निम्मा लोडही चढला नव्हता, तेवढ्यात टोकाचा ट्विस्ट हिशोबाच्या कितीतरी पुढे निघून गेला. मग डायल गेज बदलले, फिक्स्चर तपासलं, लोडसेलचं कॅलिब्रेशन पुन्हा केलं. ड्रॉइंग मात्र कुणी उघडलं नाही. शेवटी टेस्टवरच्या टेक्निशियनने लोड उतरवला, स्क्रूड्रायव्हरने झाकण काढून बाकावर ठेवलं आणि थोडा लोड परत चढवला. त्या लोडला आधी जे रीडिंग होतं, जवळपास तेच आलं. टॉर्शनमध्ये झाकणाचा काडीचाही वाटा नव्हता. फास्टनर भोकात सैल असतील तर ते शिअर घेणार कुठून?

अशा कटआउटमध्ये टॉर्क नेतात ते दोन स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारे मुख्य बीम), एक वर आणि एक खाली वाकून. त्यामुळे चिरेच्या आकड्याइतकी वाईट अवस्था होत नाही, पण हिशोब पूर्ण बदलतो. आधीच्याच २०० बाय ८० च्या पेटीवर ४०० न्यूटन-मीटर टॉर्क धरा. बंद सेक्शनमध्ये शिअर फ्लो १२.५ न्यूटन प्रति मिमी, म्हणजे जेमतेम १५.६ मेगापास्कल. तळ उघडा असेल तर प्रत्येक स्पारवर २,००० न्यूटन शिअर येतो आणि वेबमधला (स्पारच्या उभ्या पत्र्यातला) फ्लो थेट दुप्पट, २५ होतो. शिवाय कटआउट ३०० मिमी लांब असेल तर त्याच्या टोकांशी प्रत्येक स्पार फ्लँजमध्ये (वेबच्या वर-खालच्या पट्टीत) ३,७५० न्यूटनचा जादा अक्षीय लोड. बंद सेक्शनच्या हिशोबात हा लोड नावालाही नसतो, आणि हॅचच्या कोपऱ्यातले रिव्हेट नेमके त्यानेच त्रासतात.

मी आजही आधी पेन्सिलीने सेक्शन काढतो, भिंतीभिंतीवर शिअर फ्लोचे बाण मारतो, आणि प्रत्येक जोडापाशी बाण पुढे कशातून जातो ते फास्टनरच्या ड्रॉइंगवर बघतो. याला अर्धा तास लागतो. पहिल्याच दिवशी मेश करायला बसणाऱ्यांना तो अर्धा तास जड जातो, आणि पुढे त्याचेच आठवडे होतात.

यील्डशी तुलना करून मार्जिन काढणं

पातळ पत्रा दाबला की यील्डच्या (धातूचा आकार कायमचा बदलू लागतो त्या स्ट्रेसच्या) खूप आधी बकल होतो, म्हणजे बाजूला फुगून लाटा पडतात. १ मिमी जाडीचा, स्ट्रिंगरांमध्ये (पत्र्याला लांबीभर आधार देणाऱ्या पट्ट्यांमध्ये) १०० मिमी रुंद असलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, कडा साध्या टेकलेल्या धरल्या तर, २६ मेगापास्कलच्या आसपास बकल होतो. त्या मिश्रधातूचं यील्ड ३०० च्या घरात असतं. हे सांगितलं की दुसऱ्या टोकाची चूक होते: पत्रा बकल झाला म्हणजे तो निकामी, असं धरून जाडी वाढवत सुटतात आणि वजनाचं वाटोळं करतात. बकल झालेला पत्रा रिव्हेटच्या ओळीजवळ काम करतच राहतो. मी प्रत्येक बाजूला साधारण १५ पट जाडी एवढी पट्टी जिवंत धरतो. शिअरने बकल झालेल्या वेबचंही तसंच. विमान-इंजिनिअर हर्बर्ट वागनर यांनी १९२९ मध्ये दाखवून दिलं की असा वेब तिरक्या ताणाने लोड नेत राहतो. मात्र त्याची किंमत उभ्या स्टिफनरांना (वेबला टेकू देणाऱ्या पट्ट्यांना) कॉम्प्रेशनमध्ये आणि फ्लँजना आत ओढणाऱ्या वाकवण्यात मोजावी लागते. वेब पास करून स्टिफनर न तपासलेला रिपोर्ट म्हणजे अर्धवट रिपोर्ट.

शिअर सेंटर विसरणं

चॅनेलचा (सी आकाराच्या सेक्शनचा) शिअर सेंटर, म्हणजे लोड जिथून गेला तर पीळ पडत नाही तो बिंदू, वेबच्या मागे, बाहेर असतो. १०० मिमी वेब, ५० मिमी फ्लँज, सगळीकडे १.५ मिमी पत्रा: शिअर सेंटर वेबपासून १८.७५ मिमीवर. वेबच्या रेषेत १,००० न्यूटन लावले तर वेबमधला सरासरी शिअर ७ मेगापास्कलसुद्धा नाही, पण टोकं वॉर्प व्हायला (सेक्शनच्या पातळीबाहेर सरकायला) मोकळी असतील तर टॉर्शनचा शिअर १२५. ब्रॅकेट कुठे बसवायचा हे डिझायनरशी आधीच बोला. नंतर क्लिप लावून भागवायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

सुट्या झेड सेक्शनला बेंडिंगचं साधं एमवाय बाय आय सूत्र लावू नका. त्याचा प्रॉडक्ट ऑफ इनर्शिया (दोन अक्षांचं वाकणं एकमेकांत गुंतवणारा आकडा) शून्य नसतो, त्यामुळे सेक्शन वाकडाच वाकतो.

बूम एरिया (हिशोबासाठी पत्र्याचं क्षेत्रफळ त्याच्या कडांशी एकवटून धरतात, ते) एकदा काढून सगळ्या लोड केसना वापरू नका. त्याच पॅनेलचा वाटा शुद्ध बेंडिंगमध्ये रुंदी गुणिले जाडीचा सहावा भाग असतो आणि सरळ अक्षीय लोडमध्ये निम्मा, म्हणजे तिप्पट फरक.

शेल एलिमेंटचा (मॉडेलमधल्या पत्र्याच्या तुकड्याचा) ऑफसेट, म्हणजे नोडपासून सरकवलेलं अंतर, कुठल्या बाजूला आहे ते मॉडेल उघडून डोळ्यांनी बघा.

आणि लोड लिमिट (वापरात येणारा सर्वांत मोठा) आहे की अल्टिमेट (त्याच्या १.५ पट), ते प्रत्येक तक्त्यावर लिहा. मधला १.५ एकदाच लागायला हवा, पण कधी दोनदा लागतो, कधी लागतच नाही. हे लिहिलेलं नसेल तर मी पुढचं काही न वाचता रिपोर्ट परत पाठवतो.