दोन इंजिनांच्या बोटीत बॅटऱ्यांची जोडणी

कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी चढू लागण्याआधी दोन इंजिनांच्या बोटीची वायरिंग तपासताना प्रथम पाहावे ते हे की, प्रत्येक इंजिनाला स्वतःची स्टार्टर बॅटरी (इंजिन सुरू करणारी) आणि स्वतःचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आहे की नाही. कारण दोन्ही बॅटऱ्या कायमच्या समांतर जोडलेल्या असतील, तर एकीतला शॉर्ट झालेला सेल दुसरीलाही रात्रभरात उतरवतो आणि सकाळी एकही इंजिन सुरू होत नाही. बॅटऱ्यांची निगेटिव्ह टोके मात्र जाड केबलने एकत्र असावीत. दिवे आणि वायरलेससाठी तिसरी बॅटरी ठेवून ती एका स्टार्टर बॅटरीवरून, व्होल्टेज पाहून जोडणाऱ्या रिलेमार्फत (आपोआप चालणाऱ्या स्विचमार्फत) चार्ज करावी. असा रिले साधारण 13.3 व्होल्टला जोडतो आणि 12.8 च्या आसपास तोडतो.

इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच बंद करू नये, अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी जळू शकतात.

केबलचे लग, म्हणजे टोकाला बसवायची धातूची कडी, उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसवर क्रिंप करून (दाबून घट्ट बसवून) घ्यावेत. पक्कडीने दाबलेला लग ओलाव्याने गंजून हिरवा पडतो, आणि हा दोष टेपखाली दिसतही नाही. शेवटी डावे इंजिन एकटेच चालवून आधी डाव्या आणि मग उजव्या बॅटरीवर व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावावा. डावीकडे 14 व्होल्टच्या आसपास आणि उजवीकडे 12.6 दिसले, तर जोडणी स्वतंत्र आहे. उजवीकडचा आकडाही चढू लागला, तर दोन्ही पॉझिटिव्ह कुठेतरी एकत्र झालेले आहेत.