इन्स्टॉलर ग्राहकाला देण्याआधी ड्रायव्हरचा परवाना तपासा

सॉफ्टवेअर ग्राहकाकडे बसवायचं असेल तर आधी एवढं ठरवा, की डेटाबेसचा ड्रायव्हर (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) तुमच्याच सर्व्हरवर राहणार आहे की इन्स्टॉलरमधून बाहेर जाणार आहे. जीपीएल म्हणजे वाटलेल्या कोडचा सोर्सही द्यायला लावणारा मुक्त परवाना. त्याच्या अटी लागू होतात त्या वाटप झालं की. अॅप्लिकेशन तुमच्या सर्व्हरवर चालतं आणि लोक ते ब्राउझरमधून वापरतात, हे जीपीएलच्या दृष्टीनं वाटप नाही. ग्राहकाला दिलेली डॉकर इमेज (थेट चालवता येणारं पॅकेज) मात्र वाटपच, आणि क्लायंटला सोपवलेला बिल्डसुद्धा.

मग डेटाबेसचा परवाना एकीकडे आणि ड्रायव्हरचा दुसरीकडे, असं वेगवेगळं लिहून काढा. इथे हमखास गल्लत होते. मोंगोडीबीचा सर्व्हर 2018 पासून एसएसपीएल या कडक परवान्याखाली आहे, पण त्याचे अधिकृत ड्रायव्हर अपाचे 2.0 या सैल परवान्याखाली मिळतात. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी, म्हणजे जावासाठीच्या, ड्रायव्हरला बीएसडी परवाना आहे. कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत दिला की झालं. तो द्यायचा मात्र विसरू नका.

जास्त वेळ ठेवा तो मायएसक्यूएलसाठी. त्याची क्लायंट लायब्ररी आवृत्ती 3.23 पर्यंत एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य रूपाखाली होती, 4.0 पासून ती जीपीएलखाली गेली. जीपीएलशी परवाना न जुळणाऱ्या पीएचपीसारख्या प्रकल्पांची त्यामुळे कोंडी झाली, म्हणून 2004 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी सवलतीचं कलम आलं. आजच्या कनेक्टर-जे (मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर) बरोबरही तशी सवलत आहे, पण ती मुक्त परवान्याखालच्या कोडसाठी. तुमचं प्रॉडक्ट बंदिस्त असेल तर तिचा उपयोग नाही. ड्रायव्हर जोडल्यानं आपला कोडही जीपीएलखाली येतो का, यावर वकिलांचं एकमत नाही. त्या वादावर आपलं प्रॉडक्ट पणाला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मायएसक्यूएलची मालक असलेल्या ओरॅकलकडून व्यावसायिक परवाना घ्या, नाहीतर ड्रायव्हर बदला.

बदलायचा असेल तर मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीचा कनेक्टर-जे एलजीपीएल 2.1 खाली आहे. पण फक्त जार (जावाची पॅकेज फाइल) बदलून भागत नाही. त्याची 3.0 आणि पुढची आवृत्ती 'जेडीबीसी:मायएसक्यूएल' अशी सुरुवात असलेला कनेक्शनचा पत्ता आपणहून स्वीकारत नाही. पत्ता बदलावा लागतो किंवा परवानगीचा पर्याय द्यावा लागतो. चाचणीला पुरेसे दिवस हाताशी ठेवा.

एलजीपीएल म्हणजे मोकळं रान नव्हे. ग्राहकाला ती लायब्ररी बदलून स्वतःची आवृत्ती घालता आली पाहिजे, म्हणून सगळं एकाच मोठ्या जारमध्ये कोंबण्यापेक्षा ड्रायव्हरची जार वेगळी ठेवा. आणि करार वाचा. आमच्या करारात रिव्हर्स इंजिनिअरिंगवर सरसकट बंदी होती. वर्षानुवर्षं तोच मसुदा पुढे चालत आला होता. एलजीपीएल 2.1 चं सहावं कलम सांगतं, की ग्राहकाला स्वतःच्या वापरासाठी बदल करण्याची आणि त्या बदलांतल्या चुका शोधण्यासाठी रिव्हर्स इंजिनिअरिंगची मुभा असली पाहिजे. आमच्या करारातली ती बंदी माझ्या लक्षात आली ती डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी, आणि ग्राहकाच्या वकिलांशी बोलून ती दुरुस्त करेपर्यंत डिलिव्हरी अडकून पडली. तुमच्यावर ही वेळ येऊ देऊ नका.

यादी डोक्यातून करू नका. मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनातून डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कोणामुळे आत आली त्याची यादी) काढा, कारण ड्रायव्हर कधी कधी दुसऱ्याच लायब्ररीच्या मागून आत शिरतो. मग शेवटी तयार झालेली जार झिपसारखी उघडा आणि आतली लायसन्स फाइल स्वतः वाचा. पायथॉनमध्ये नावांनी फसायला होतं: 'मायएसक्यूएलक्लायंट' जीपीएलखाली आहे, 'पायमायएसक्यूएल' एमआयटी या सैल परवान्याखाली.

जीपीएलखालची एखादी गोष्ट द्यायचीच ठरली, तर तिचा सोर्स त्याच पॅकेजमध्ये घाला. सोर्स नंतर देण्याची फक्त लेखी हमी दिलीत तर जीपीएल 2 प्रमाणे ती किमान तीन वर्षं पाळावी लागते, म्हणजे नेमक्या त्याच आवृत्तीचा सोर्स तेवढी वर्षं जपून ठेवायचा. तो आजच रिलीजच्या फोल्डरमध्ये टाका आणि फोल्डर कोणाच्या ताब्यात आहे ते नावानिशी लिहून ठेवा.