घास कुठे चुकतो, ते पडद्यावर कसं बघायचं

बेळगावात आमच्याकडे गिळण्याची एक्स-रे तपासणी होते, घास गिळताना कुठे जातो ते हलत्या चित्रात दिसतं. ती शिकायला नवीन थेरपिस्ट आला की मी त्याला आधी मशीन दाखवत नाही, पेशंटच्या घरच्यांशी बोलायला बसवते. काका पाणी पेल्यानं पितात की तांब्यानं? खानापूर-चिकोडीकडची म्हातारी माणसं तांब्या उंच धरून, मान मागे टाकून घटाघटा पाणी ओततात. पक्षाघातानंतरही सवय सुटत नाही. जीभ ढिली पडलेली असताना मान मागे गेली, तर गिळायच्या आधीच पाणी घशात उतरतं.

जेवणाचंही नीट विचारा. आमटीत कुस्करलेली भाकरी घरच्यांना मऊ, म्हणून सोपी वाटते. प्रत्यक्षात घट्ट आणि पातळ एकत्र असलेला घास अवघड असतो: माणूस चावत असतानाच रस्सा मागे पळतो. म्हणून डबा मागवून घ्या आणि बिस्किटासोबत त्यातलाही एक घास बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं औषध) लावून द्या.

एक इशारा. आधी भाकरी अडकायची, आता भातही अडकतो, वजन उतरलंय, असं कुणी सांगितलं तर त्याला आपल्या रांगेत ठेवू नका, कर्करोग तर नाही ना, हे बघायला आधी एंडोस्कोपीला पाठवा. निपाणी पट्ट्यात तंबाखू घरोघरी आहे. पेशंट गळ्याशी बोट दाखवतो, पण अडथळा छातीत खालीही असू शकतो.

आता तपासणी. पेशंट जागा हवा, बसता यायला हवा. गुंगीत असेल तर दुसरा दिवस बघा. बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. खुर्चीत ताठ बसवून आधी बाजूनं चित्र घ्या. पुढे ओठ, वर नाकाची पोकळी, मागे मानेचे मणके, खाली अन्ननलिकेचं तोंड, एवढं चौकटीत हवं. खांदे आड येतात, ते खाली सोडायला सांगा. रेकॉर्डिंग सेकंदाला 30 फ्रेमचं ठेवा. कमी केलं तर पाणी श्वासनलिकेत डोकावून परत आलेला क्षण निसटतो. किरण कमी लागावेत म्हणून मशीनचं पेडल घास तोंडात गेल्यावरच दाबायचं, फ्रेम तोडून नव्हे.

सुरुवात चमच्यानं 3 ते 5 मिली पातळ बेरियम. मग पेल्यातून घोट, मग दाट, मग खिरीसारखं, शेवटी चावायचं. दाटपणा डोळ्यानं ठरवू नका. 10 मिलीच्या सिरिंजमध्ये भरून 10 सेकंद वाहू द्या: 1 ते 4 मिली उरलं तर किंचित दाट, 4 ते 8 उरलं तर थोडं दाट, त्याहून जास्त उरलं पण थोडं तरी वाहिलं तर मध्यम. घरच्या आंबिलीलाही हीच चाचणी लावता येते. अज्जा कानडी बोलणारे असतील तर 'नुंगरी' (गिळा) म्हणा. घाबरलेल्या माणसाला आपल्या भाषेतला शब्द लवकर पोचतो.

पडद्यावर बेरियम स्वरतंतूंखाली, म्हणजे श्वासनलिकेत गेलं आणि खोकला आलाच नाही, तर तेच जास्त धोक्याचं. 'ठसका लागत नाही म्हणजे बरं आहे' हा समज घरच्यांचा तर असतोच, काही डॉक्टरांचाही असतो.

पण 'श्वासनलिकेत जातं' एवढं लिहून थांबलात तर तपासणी वाया गेली. मशीन चालू असतानाच उपाय करून बघा. हनुवटी खाली घेऊन गिळायला लावा. घशाची एक बाजू लुळी असेल तर मान त्याच बाजूला वळवून. हनुवटीचा उपाय सरसकट सगळ्यांना देणारे मला पटत नाहीत, घशाच्या कप्प्यात साचलेलं त्यानं कधीकधी उलट आत सांडतं. समोरून घेतलेल्या चित्रात कुठली बाजू साचते ते कळतं.

खाटेवरून हलवता येत नसेल तर नाकातून दुर्बीण. त्यात किरण नाहीत, साचलेली लाळही स्पष्ट दिसते. मात्र नेमकं गिळताना पडदा पांढरा होतो आणि तो क्षण हुकतो.

घरी सोडताना 'भरपूर पाणी प्या' हे ठरलेलं वाक्य तोंडात येतंच, कारण बेरियमनं पोट कडक होतं. ज्याचं पाणी आत्ताच फुफ्फुसाकडे जाताना पाहिलंत, त्याला ते सांगू नका. तपासणीत जेवढा दाटपणा सुरक्षित ठरला, तेवढंच दाट करून प्यायला सांगा. शौच एक-दोन दिवस पांढरी होईल, हेही अक्कांच्या कानावर घाला, नाहीतर रात्री फोन येतो.